खारगे यांचं पंधरावं पत्र

माझी जीभ तिखट आहे हे मला कुणी नव्याने सांगायची गरज नाही. सासूबाईंनी सांगून झालं, टेलिफोन खात्यातल्या तीन साहेबांनी सांगून झालं, आणि निवृत्तीनंतर ज्या ‘कानोसा’च्या कामात मी डोकं घातलं तिथल्या मंडळींनी तर बैठक बोलावून सांगितलं. तेव्हा ही गोष्ट सांगताना मी कुणाला सोडणार नाही. स्वतःलाही नाही.

मी हेमलता परुळेकर, राहणार रत्नागिरी, वय बासष्ट. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानात जे यंत्र बसतं, ते बनवतात निरनिराळे कारखाने. पण त्याच्या आतलं डोकं म्हणजे आमचा कानोसा. तो फुकट आहे आणि कुणीही उघडून बघावा असा आहे. चारेकशे माणसं पदरचा वेळ घालून तो लिहितात, सुधारतात आणि त्यावरून एकमेकांशी भांडतात. त्यातले आम्ही पाच जण राखणदार. कुणीही दुरुस्ती पाठवो, आमच्यापैकी एकाने होकार दिल्याशिवाय ती कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही.

पूर्वी नवखा माणूस म्हणजे चार पुस्तकं वाचलेला असायचा. आता फोनला तोंडी सांगितलं की फोनच कोड लिहून देतो. त्यामुळे ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तोही सकाळी उठून दुरुस्ती पाठवतो आणि दुपारी विचारतो, अजून बसवली का नाही. दिवसाला दोनशे पत्रं यायची. सूचना कुणी वाचायच्या नाहीत, तोच प्रश्न दहा जणांनी विचारायचा, आणि वर आवाज असा की आम्ही यांचे पगारी नोकर आहोत.

मी अशांना सरळ करत असे. अश्लेषा नावाच्या एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, बॅटरीची माहिती कुठे मिळेल. ती पहिल्याच पानावर होती. मी लिहिलं, ‘आधी वाचायला शिका, मग लिहायला या.’ ती परत आली नाही. पुढे कळलं की ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते आणि तिच्याकडे आम्हाला हवी तशी पाच वर्षांची टिपणं होती.

तेव्हाच ती बैठक झाली. प्रफुल्ल मेश्राम हा नागपूरचा राखणदार, आमच्यातला सर्वांत शांत माणूस. तो म्हणाला, “ताई, तुमचं म्हणणं बरोबरच राहते. पण ते ऐकायला समोरचा उरतच नाही ना.”

त्यानेच साखरपेरा आणला. हे आमचं आपलं घरगुती नाव. या यंत्राला लाखो भांडणं वाचायला दिली होती. कुठल्याही मजकुरातून ते दोन गोष्टी वेगळ्या काढायचं : माणसाने काय सांगितलंय, आणि किती तापून सांगितलंय. ताप बाजूला काढायचं आणि उरलेलं सांगणं सभ्य भाषेत नव्याने लिहायचं. मूळ पत्र कुलूपबंद राहायचं. दोन राखणदारांनी मिळून मागितलं तरच उघडायचं. पत्राखाली बारीक आकडा असायचा, किती टक्के मजकूर बदलला त्याचा. आणि हे दोन्ही बाजूंनी चालायचं. त्यांची पत्रं आमच्याकडे येताना गोड, आमची उत्तरं त्यांच्याकडे जाताना गोड.

काय शांतता पसरली म्हणता. स्वयंसेवक दुप्पट झाले. सोडून गेलेले आठ जण परत आले. आणि मी तर सुटलेच. मनात येईल ते लिहायचं, ‘डोकं गहाण ठेवलंय का’ इथपर्यंत, आणि समोर पोचायचं, ‘आपण वेळ काढून लिहिलंत, मनःपूर्वक आभार.’ तीन वर्षांत मी एकही शब्द गिळला नाही. नवख्यांना सांभाळून घ्यायचं काम यंत्राकडे गेलं होतं, आणि सगळे म्हणायला लागले की हेमाताई किती बदलल्या.

अजून एक यंत्र आमच्याकडे आधीपासून होतं. ते आलेल्या पत्रांचे तीन ढीग करायचं : तातडीचं, सवडीचं आणि नुसती सूचना. सूचनेला तीस दिवसांत कुणी हात लावला नाही तर ती आपोआप मिटायची. साखरपेरा बसवताना प्रश्न निघाला की पत्र आधी कुणी वाचायचं. मी म्हटलं, “आधी साखरपेरा, मग ढीग. जो ओरडेल त्याचा नंबर पुढे, हे आपल्याकडे चालणार नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. न्यायाचंच होतं ते. अजूनही ऐकायला न्यायाचंच वाटतं.

फेब्रुवारीत कानोसाची पाचवी आवृत्ती निघाली. तिच्यातली मुख्य करामत माझी होती, म्हणून जरा समजावून सांगते. हे यंत्र कान पूर्ण बंद करतं आणि बाहेरच्या आवाजातलं जे हवं तेवढंच सोसेल इतक्या जोरात आत सोडतं. पण हवं काय आणि नको काय, हे ठरवायचं कुणी? मी म्हटलं, माणसाच्या मानेने. आपल्याला ज्या आवाजाशी कर्तव्य असतं तिकडे आपण मान वळवतोच, निदान जराशी. यंत्राला ती हालचाल कळते. पंधरा दिवस यंत्राने नुसतं बघायचं. ज्या आवाजाकडे मान कधीच वळत नाही, तो त्या माणसाच्या लेखी गोंगाट. तो हळूहळू कापून टाकायचा. सव्वीस जणांवर करून बघितलं होतं : शिक्षक, दुकानदार, बँकेतले लोक. सगळे खूश. मी आठवडाभर हवेत होते.

मार्चच्या सुरुवातीला पहिलं पत्र आलं.

‘नव्या आवृत्तीबद्दल अभिनंदन. कामाच्या ठिकाणचे काही आवाज पूर्वीपेक्षा कमी जाणवतात. सवडीने विचार व्हावा. – अण्णाप्पा खारगे, इचलकरंजी.’ खाली आकडा, बदल चौऱ्याहत्तर टक्के. ढीग, सूचना.

मी लिहिलं, ‘महाशय, आवाज कमी करण्यासाठीच हे यंत्र आहे. ते कमी झाले म्हणून रडणारे तुम्ही पहिलेच.’ ते काय होऊन पोचलं असेल ते असो.

मग पत्रांची रांगच लागली. ‘जुन्या आवृत्तीतील सोय पुढेमागे परत आणता आल्यास बरे.’ मी कळवलं की चौथी आवृत्ती मोठा आवाज पुरेसा अडवत नव्हती, कानाला इजा व्हायची, म्हणून ती कायमची बंद केली आहे. मग या गृहस्थांनी फोनला सांगून स्वतःच एक दुरुस्ती बनवून पाठवली. तीन ओळींची. तिने गोंगाट अडवणारं सगळंच काढून टाकलं होतं. कारखान्यातला पुरा आवाज कानाच्या पडद्यावर आपटला असता. मी नामंजूर केली. त्यांनी तीच पुन्हा पाठवली. मी पुन्हा नामंजूर केली. पाच वेळा हा खेळ झाला. चौदाव्या पत्रात फक्त एवढंच होतं, ‘आपल्या कार्यास शुभेच्छा.’ बदल एक्याण्णव टक्के. मला वाटलं, माणूस बरा आहे बिचारा, जरा चिकट आहे इतकंच.

एका बुधवारी सकाळी पंधरावं पत्र आलं.

‘मशीन काढून ठेवलंय. परत लिवणार न्हाई.’

बदल शून्य टक्के. ढीग करणाऱ्या यंत्राने त्यावर शेरा मारला होता, ‘समाधान झाले’, आणि पत्र मिटवून टाकलं होतं.

मी त्या शून्याकडे बघत बसले. मी स्वतः भांडकुदळ बाई आहे, त्यामुळे भांडणारी माणसं मला कळतात. जोवर माणूस भांडतो तोवर त्याला आशा असते. एक्याण्णवावर असलेला माणूस एका रात्रीत शून्यावर आला, तर त्याचं समाधान झालेलं नसतं. त्याने नाद सोडलेला असतो. 

प्रफुल्लला फोन लावला. “मूळ पत्रं उघडायची आहेत. तुझी संमती दे.”

“काहून ताई? काही शिवीगाळ केली का त्यांनी?”

“तेच तर बघायचंय.”

त्याने संमती दिली आणि आम्ही दोघांनी पत्रं एकदमच वाचली. पहिलं असं होतं : ‘काय केलंसा तुमी? परवापतूर माग ऐकू येत हुतं. मी जॉबर हाय, चाळीस मागांचा. माग बिघडायच्या आदी त्याचा आवाज बदलतो, त्यो ऐकून मी माग थांबिवतो. आता कानात नुसती सामसूम. धोटा उडला म्हंजे कुणाच्या डोळ्यात जाईल? तुमच्या का माझ्या?’

जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. धोटा म्हणजे मागावर सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी, लोखंडी टोकांचा ठोकळा, दीड वीत लांब. त्याला फटका मारणारा दांडा तडकला की धोटा वाट सोडून बाहेर उडतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पुढच्या पत्रांनी शिकवलं. सहाव्या पत्रात लिहिलं होतं की धोटा उडालाच. मालन नावाच्या कामगारीण बाईच्या भुवईवर बसला, सात टाके पडले, डोळा बोटभराने वाचला. नववं पत्र, ‘आभार कशाचं मानताय? बाईचं रगात गळतंय आनि आभार मानताय? शेण खाताय व्हय तिकडं बसून?’ ते आमच्याकडे आलं होतं ते, ‘आपल्या तत्पर उत्तरांचे कौतुक वाटते,’ असं होऊन. चौदाव्यात त्यांनी सांगितलं होतं की मालक मगदूम शेठ सोमवारपासून शिरोळचा दुसरा जॉबर आणतोय आणि यांना कांड्या वाहायला लावणार आहे. तीस वर्षं हेच काम केलेल्या जॉबरला.

 प्रफुल्ल म्हणाला, “ताई, यात तर सगळं होतं. जागा, आवाज, काय झालं, कधी झालं. एवढी नीट तक्रार तर आपले जुने लोक पण लिहीत नाहीत.”

“तापासकट काढून टाकलं आपण,” मी म्हटलं. “माणूस जितका तापणार, तितकं साखरपेरा जास्त काढणार. पत्र हलकं होणार, सूचनेच्या ढिगात जाणार. उत्तर गोड जाणार, आणि ते वाचून तो आणखी तापणार. आधी साखरपेरा, मग ढीग, हे सांगणारी मीच.”

त्याने नाही म्हटलं नाही. चांगला मुलगा आहे, पण खोटं बोलत नाही.

खारग्यांच्या नंबरवर फोन केला तर त्यांच्या बायकोने, कस्तुरीबाईंनी घेतला. “ते बोलायचं न्हाईत. मशीन डब्यात घालून ठेवलंय. आता मी हाक मारली तरी ऐकू जात न्हाई त्यास्नी.” कोण बोलतंय हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “आभार मानणाऱ्या बाई तुमीच व्हय?”

मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. आंबा घाट, कोल्हापूर, मग इचलकरंजी. दुपारी मगदूम शेठच्या शेडमध्ये पाय ठेवला आणि छातीत धडधडायला लागलं, इतका तो आवाज. चाळीस माग एकदम चालू. शेडच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत खारगे बसले होते. पन्नाशी ओलांडलेला, काटक, पांढऱ्या मिशीचा माणूस. कस्तुरीबाईंनी त्यांच्यापुढे वहीवर माझं नाव लिहिलं.

त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि सुरू झाले.

आता मजा ऐका. ऐकू न येणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी तोंड उघडलं की ते बघायचे, पण पोचायचं काहीच नाही. मध्ये बोलायचं तर वही ओढून घ्यायची, चष्मा लावायचा, लिहायचं. तोवर ते तीन मुद्दे पुढे. तीनदा मी पेन उचललं आणि तीनदा खाली ठेवलं. माझ्या जिभेवर काय काय येऊन गेलं म्हणून सांगू. ‘पाच वेळा तीच चुकीची दुरुस्ती कोण पाठवतं’ हे तर दातांपर्यंत आलं होतं. पण गिळलं. चाळीस मिनिटं तो माणूस बोलत होता आणि मी ऐकत होते. माझ्या आयुष्यात एवढा वेळ मी कुणाचं मध्ये न बोलता ऐकलेलं नाही, लग्नातल्या मंत्रांचंसुद्धा नाही.

आणि गंमत अशी की पहिली वीस मिनिटं शिव्या होत्या, नंतरची वीस मिनिटं निव्वळ माहिती होती. तडकलेल्या दांड्याचा आवाज कसा येतो, पट्टा सैल झाला की कसा, सूत ओलं असलं की कसा. हे सगळं त्यांनी तोंडाने वाजवून दाखवलं. आमच्या सव्वीस माणसांच्या चाचणीत असलं काही सापडलं नव्हतं.

मी वहीवर लिहिलं, ‘यंत्र घालून शेडमध्ये काम करून दाखवा. मला बघायचंय.’

“आता कशाला?” ते म्हणाले. मग कस्तुरीबाईंकडे बघितलं. त्यांनी डबा पुढे केला.

शेडमध्ये ते एका बंद मागाच्या पोटात शिरून काम करायला लागले. पाठ बाकीच्या एकोणचाळीस मागांकडे. मी तासभर उभी होते. त्या तासात त्यांनी एकदाही मान वळवली नाही. कशाला वळवतील? हात कामात, डोळे कामात, ऐकायचं ते पाठीमागून. तीस वर्षं हेच. माझ्या नियमाने बघितलं तर या माणसाला मागांशी काही कर्तव्यच नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “काय दिसलं?”

यंत्र कानात होतं, त्यामुळे माणसाचं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. मी मानेचा नियम समजावून सांगितला.

“असला नियम कुणी काढला?”

“आमच्यातल्या एकाने,” मी म्हटलं.

“त्याला म्हनावं, कधी पाठमोरं काम केलंय का?”

“सांगते,” मी म्हटलं, आणि दुसरीकडे बघितलं.

मग हा माणूस कशाकडे कान देतोय हे यंत्राने ओळखायचं कसं? मी विचार करत चहा पीत होते. कस्तुरीबाई म्हणाल्या, “ताई, तुमी मान बघितलासा. कान बघितला न्हाईसा.”

“कान?”

“ह्यांचा कान हलतो. लग्नात बोहल्यावर हसू आवरंना मला. वाजंत्रीवाला चुकला की ह्यांचा कान हलायचा.”

खारगे लाजले. मी मात्र कप खाली ठेवला. कुत्र्याच्या, गाईच्या कानामागे स्नायू असतात, कान टवकारायला. माणसाचं कान टवकारणं कधीच गेलं, पण ते स्नायू अजून जागेवर आहेत. आपण लक्ष देऊन ऐकतो तेव्हा त्यांत विजेची अगदी क्षीण लहर उठते, ज्या बाजूचा आवाज त्या बाजूच्या कानामागे. बहुतेकांत ती डोळ्यांना दिसत नाही, एखाद्या खारग्यांचा कान खरंच हलतो. आणि आमचं यंत्र कानात घातलंय की काढलंय हे ओळखायला कानामागे टेकणारी एक बारीक चकती त्यात आधीपासूनच होती. ती कातडीवरची वीज मोजते. तिला फक्त शिकवायचं होतं की कशाकडे लक्ष द्यायचं : कापलेले आवाज थोडे आत सोडायचे, आणि ज्या आवाजाला ती लहर उठेल तो पंधरा दिवस न थांबता लगेच पुढे आणायचा.

प्रफुल्लला फोन केला तर तो खुर्चीतून उठलाच असावा. त्याने आणि मी शुक्रवार संध्याकाळपर्यंत ते लिहून काढलं. मी लॉजच्या खोलीत, तो नागपुरात, आणि खारगे दोघांच्या मध्ये. दर अर्ध्या तासाने नवी दुरुस्ती त्यांच्या यंत्रात घालायची, त्यांनी शेडमध्ये जाऊन यायचं आणि सांगायचं. सांगणं काही गोड नव्हतं. “हे आधीपेक्षा बेकार हाय” हे सर्वांत सौम्य. प्रफुल्ल एकदा हळूच म्हणाला, “ताई, हे समोर पण असेच बोलतात का?” मी म्हटलं, “हो. आणि अजून एकदाही चुकीचं बोललेले नाहीत.”

शुक्रवारीच फोनवर पाचही राखणदारांची बैठक घेतली. मी सांगितलं, ढीग करणाऱ्या यंत्राला यापुढे मूळ पत्र द्यायचं. त्याला कुणी शेण खा म्हटलं तरी वाईट वाटत नाही.

“आणि आपल्याला?” एकाने विचारलं. “पुन्हा पहिले दिवस आणायचे का? लोक पळतील.”

“साखरपेरा राहू दे. ज्याला तो हवा त्याने ठेवावा. पण ज्या नवख्याचा बदल साठ टक्क्यांच्या वर जाईल, त्याला एका माणसाने फोन करायचा आणि मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकायचं. त्यातले दहापैकी सात नुसतेच तापट निघतील, हे मलाही कळतं. ऐकायचे मात्र दहाही.”

“हे करणार कोण?”

“मी.”

 प्रफुल्लने घसा खाकरला. “ताई, फोनवर साखरपेरा नसते.”

“माहीत आहे मला.”

तीन विरुद्ध दोन मतांनी ठराव झाला. माझ्यावर विश्वास नसलेले दोघे कोण ते मी विचारलं नाही, कारण त्यांचं फारसं चुकलेलं नव्हतं.

मगदूम शेठने शनिवारचा दिवस दिला होता. पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली, बोलायला सरळ माणूस. “खारग्याचं वाईट वाटतंय मलाबी,” तो म्हणाला. “पन उद्या कुणाचा डोळा गेला तर त्या घरात मी काय तोंड दाखवू? संध्याकाळपतूर बघतो. न्हाईतर सोमवारी शिरोळवाला येनारच.” त्याचंही बरोबर होतं.

सकाळी काहीच झालं नाही. माग नीट चालले होते. दुपारी दोन-तीन किरकोळ आवाज खारग्यांनी पकडले, पण ते डोळ्यांनीही दिसले असते. शेठ दोनदा येऊन घड्याळ बघून गेला. भुवईला पट्टी लावलेली मालन सात आणि आठ नंबरच्या मागांमध्ये उभी होती. धोट्याच्या रेषेतून जाताना ती दर खेपेला मान खाली घालत होती, ते बघवत नव्हतं.

चारच्या सुमाराला खारगे शेडच्या पार दुसऱ्या टोकाला माझ्यापुढे उभे होते, आणि अर्थातच मला ऐकवत होते. पाठ मागांकडे. विषय होता, ती तीन ओळींची दुरुस्ती मी पाच वेळा का नाकारली.

“एकदा तरी इचारायचं हुतं, बाबा रे, तुला काय पायजे म्हनून. चुकीचं पाठवलं असंल मी. मला काय येतंय त्यातलं? पन मानूस पाच येळा तेच का पाठवतोय, ह्ये तुमच्या डोक्यात…”

वाक्य तिथेच थांबलं. मान हलली नाही. डावा कान, मी शपथेवर सांगते, हलला.

“सात नंबर बंद कर, मालन!”

ती ओरड साऱ्या शेडच्या आवाजावरून गेली. मालनने माग बंद करायची दांडी ओढली. माग थांबला. खारगे वळले, धावत गेले, खाली वाकले आणि धोट्याला मारणारा लाकडी दांडा त्यांनी सोडवून वर काढला. बुडापासून अर्ध्यापर्यंत तडकलेला होता. त्यांनी दोन हातांनी जरा वाकवला तर त्याचे दोन तुकडे झाले. आणखी आठ-दहा फटके, आणि धोटा बाहेर आला असता. मालन त्या तुकड्यांकडे बघत खालीच बसली. कस्तुरीबाईंनी तिला पाणी दिलं. मगदूम शेठने एक तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि किल्ली खिशात टाकून खिशातून फोन काढला. “शिरोळला सांगतो, येऊ नको म्हनून,” एवढंच बोलला आणि बाहेर गेला.

माझे डोळे भरून आले होते. आनंद झाला होता, तो लपवायचं मला काही कारण नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस दोन शब्द बरे बोलेल.

खारग्यांनी नवा दांडा बसवला, माग चालू करून दिला, हात पुसले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“हां. तर मी इचारत हुतो,” ते म्हणाले. “मानूस पाच येळा तेच का पाठवतोय, ह्ये कुनाच्याच डोक्यात का आलं न्हाई? आनि त्यो मानेचा नियम काढला कुनी, त्याचं नाव सांगा. मला त्याच्याशी बोलायचंय.”

पळवाटा मला पुष्कळ येतात. आयुष्यभर दुसऱ्यांना तिखट ऐकवलं की स्वतःला कडू गिळायची वेळ येत नाही, ही माझी जुनी युक्ती. पण ज्या माणसाने आत्ता पाठमोऱ्याने एका बाईचा डोळा वाचवला, त्याच्या तोंडावर तिसऱ्यांदा खोटं बोलायला माझी जीभ उचलेना.

“मी काढला,” मी म्हटलं. “पत्रं नाकारणारीही मीच. चूक माझी होती.”

त्यांनी हात पुसलेलं फडकं खांद्यावर टाकलं. पाठीमागे चाळीस माग चालू होते आणि ते सगळे त्यांना ऐकू येत होते.

“एवढंच लिवायचं हुतं की बाई,” ते म्हणाले, “पयल्या पत्राला.”